‘ग्रुपवर टाकलंय, बघा’ म्हणणाऱ्या तमाम ॲडमिन मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

शाळांचे मुख्याध्यापक, सोसायट्यांचे सेक्रेटरी, ग्रामपंचायतीच्या सूचना टाकणारे, दूध संस्थेचे कारभारी, क्लासवाले, आणि ‘माहिती आज पाच वाजेपर्यंत’ एवढं ग्रुपवर सोडून निवांत होणारे साहेबलोक, तुम्हा सगळ्यांना मी एकाच पाकिटात घातलं आहे. तुमची पदं वेगळी, पण उत्तर एकच असतं: ‘ग्रुपवर टाकलंय, बघा.’

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. उमेदीची वर्षं तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे व्हॉट्सॲप बंद पडलं म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांतला मी नाही. यंत्र आहे, कधीतरी बसणारच. आमचं एक्स्चेंजही बसायचं आणि लोक दारात येऊन आमचा उद्धार करायचे. माझं भांडण व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीशी नाही, तुमच्याशी आहे. सूचना ग्रुपवर टाकली की ती पोचली असं तुम्ही धरून चालता. टाकणं आणि पोचणं यांच्यामध्ये जे काही आहे ते तुमच्या हातात नाही, आणि ते नाहीसं झालं तर काय करायचं हे तुमच्यापैकी बहुतेकांनी ठरवलेलंच नाही.

4 ऑक्टोबर 2021 आठवतो का बघा. सोमवार होता. कोरोनानंतर राज्यातल्या शाळा त्याच दिवशी पुन्हा उघडल्या होत्या, गावांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. दीड वर्षानं पोरं वर्गात बसून आलेली, त्यामुळे पालकांच्या ग्रुपवर मास्क, डबा, रिक्षा, शाळेची वेळ असा प्रश्नांचा नुसता पाऊस. रात्री नऊ-सव्वानऊला सगळं गप्प झालं. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही त्याच कंपनीची तिन्ही एकदम. मेसेजखाली ते बारकं घड्याळ आलं आणि काही केल्या त्याची बरोबरची खूण होईना. पुन्हा सुरळीत व्हायला पहाटेचे साडेतीन वाजत आले. तीन दिवसांवर घटस्थापना होती. इन्स्टाग्रामवर साड्या आणि दागिने विकणाऱ्या बायकांची ती ऐन ऑर्डरींची रात्र कशी गेली असेल ते त्यांनाच विचारा.

हे झालं कसं, ते कंपनीच्या इंजिनिअरांनी दुसऱ्याच दिवशी लिहून जाहीर केलं. जगभरातली डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारती, जोडणारं त्यांचं एक मुख्य जाळं आहे. नेहमीच्या देखभालीत त्या जाळ्याची क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली, आणि तिनं तपासायचं सोडून सगळी जोडणीच तोडली. अशी चुकीची कमांड अडवायला एक तपासणारा प्रोग्रॅम होता, पण त्यातच बग निघाला. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनी, म्हणजे नाव दिलं की पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी, आपल्यातच बिघाड आहे असं धरलं आणि ‘आमच्याकडे यायची वाट ही’ असं बाकीच्या इंटरनेटला सांगणं थांबवलं. या वाट सांगण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. गाव जागेवर, घरं जागेवर, माणसंही जागेवर, पण गावाकडे येणाऱ्या सगळ्या रस्त्यांवरच्या पाट्या कुणी रातोरात उपटून न्याव्यात, तसं झालं.

पुढचा भाग मला एक्स्चेंजवाला म्हणून जास्त मोलाचा वाटतो. बिघाड शोधायची आणि दुरुस्त करायची कंपनीची आतली साधनं बरीचशी त्याच जाळ्यावर चालत होती, त्यामुळे तीही गेली. दुरून आत शिरायची वाट राहिली नाही. मग माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर धाडली. तिथं सुरक्षा अशी कडक, की आत जायला वेळ, आणि आत गेल्यावरही यंत्रांत फेरफार करणं मुद्दामच अवघड करून ठेवलेलं. जोडणी परत आल्यावरसुद्धा एका झटक्यात सगळं चालू करता येईना, कारण प्रत्येक डेटा सेंटरची विजेची मागणी कित्येक मेगावॉटनं उतरली होती आणि ती एकदम वर गेली असती तर नवाच घोळ झाला असता. जगातले निवडक इंजिनिअर पदरी असलेल्या कंपनीचे सहा तास असे गेले. दुरुस्तीची वाट त्याच रस्त्यावरून जात होती, जो रस्ता खचला होता.

आता तुमच्याकडे बघू. व्हॉट्सॲप बंद आहे हे सभासदांना कळवायचं झालं तर तुम्ही कुठे कळवणार? नंबर कुठे आहेत? ग्रुपमध्ये. बहुतेक सभासद लिंकवरून आलेले, त्यामुळे तुमच्या फोनमध्ये त्यांची नावंसुद्धा सेव्ह नाहीत. ‘~आई’ आणि ‘~जय श्रीराम’ एवढंच दिसतं. यातली तिसरी ड मधल्या मुलीची आई कोणती?

बंद पडण्याचेही प्रकार असतात. 3 जुलै 2019 ला संध्याकाळपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत फक्त फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे मेसेज अडले होते, लिहिलेला मजकूर बराचसा जात होता. आमच्या भागातल्या एका शाळेनं त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या वेळेतला बदल कळवला, तो लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून! पालकांच्या फोनवर एक धुरकट चौकोन आला आणि त्यावर गोल गोल फिरणारी खूण. सकाळी निम्मी मुलं जुन्या वेळेला फाटकाशी उभी, भिजत. विचारायला गेलेल्यांना उत्तर काय मिळालं ते सांगायची गरज नाही. साधं ‘उद्या शाळा दुपारी 12 ला’ असं बोटानं टाइप केलं असतं तर पोचलं असतं. शिक्क्याचा सोस आपल्याकडे फार. बरं, धडधाकट नेट असतानाही तो फोटो वाचायला आजीला चष्मा आणि नातू दोन्ही लागतात.

25 ऑक्टोबर 2022 चं तर पंचांगच जुळून आलं होतं. लक्ष्मीपूजन झालेलं, पाडवा आणि भाऊबीज दुसऱ्या दिवशी, मधला दिवस खंडग्रास सूर्यग्रहणाचा. ग्रहण लागणार होतं संध्याकाळी, व्हॉट्सॲप दुपारी साडेबाराच्या सुमारासच लागलं आणि दोनेक तासांनी सुटलं. त्यावरचे विनोद ते सुटल्यावर त्याच्यावरच फिरले. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानं कंपनीकडे अहवाल मागितला, कंपनीनं आमच्याकडची तांत्रिक चूक असं म्हटलं, विषय संपला. मार्च 2024 मध्ये एका रात्री फेसबुक-इन्स्टाग्राममधून लोक आपोआप लॉग-आउट झाले आणि आपलं खातं कुणी हॅक केलं म्हणून घाबरून पासवर्ड बदलायला लागले. 12 एप्रिल 2025 ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, दुपारी यूपीआय अडलं आणि संध्याकाळी व्हॉट्सॲप. हे होत राहणार. वर्षातून एकदा होईल, दोनदा होईल, कदाचित तुमच्या ग्रुपच्या गरजेच्या वेळी होणारही नाही. पण ते तुम्हाला विचारून होणार नाही.

यावर तुमच्यातले तंत्रज्ञानात पुढे असलेले ॲडमिन म्हणतात, मग टेलिग्रामवर दुसरा ग्रुप काढू, सिग्नलवर काढू. 2021 च्या त्या गडबडीत हेच झालं. टेलिग्रामवर एका दिवसात सात कोटींहून अधिक नवे लोक आले, हे खुद्द त्याचे संस्थापक पावेल दुरोव यांनी सांगितलं, आणि लोंढा एवढा की काहींसाठी तेही मंदावलं. सिग्नलचीही तेव्हा चलती होती. त्याच सिग्नलला 20 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीत, स्वतःचा काही दोष नसताना फटका बसला, कारण ॲमेझॉनच्या ज्या क्लाउड सेवेवर ते चालतं तिचं अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं केंद्र अडलं होतं. त्याचंही मूळ पुन्हा डीएनएसमध्येच. म्हणजे वरून दोन दिसणारी ॲप खाली जमिनीत एकाच खांबावर उभी असू शकतात, आणि तुमचं इंटरनेटच गेलं असेल तर दहा ॲप असूनही ती एकच. कोल्हापुरात जून 2023 मध्ये इंटरनेट बंद ठेवलं होतं, तेव्हा कुठलं ॲप चालणार होतं? दुसरी वाट हवी ती वेगळ्या जमिनीवरून जाणारी: साधा कॉल, साधा एसएमएस, आणि भिंतीवरचा फळा.

एसएमएसला तुम्ही नाक मुरडता, कारण तो आता ओटीपी आणि कर्जाच्या जाहिरातींचा डबा झालाय. पण तो इंटरनेटवर चालत नाही. नेटवर्कची एक कांडी असली, डेटा संपलेला असला, फोन बटणांचा असला, तरी जातो. बहुतेक रिचार्जमध्ये रोजचे 100 एसएमएस पडूनच असतात, एका वर्गाचे पालक त्यात आरामात बसतात. एक गोष्ट मात्र माहीत हवी. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणून ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’ इथंच तुमची जवळपास निम्मी जागा संपते. ‘उद्या शाळेला सुट्टी. पाऊस. पुढची सूचना फळ्यावर.’ हे सगळं 47 मध्ये बसतं, आणि कुणाचा अपमानही होत नाही. असे दोन-तीन मजकूर आजच लिहून फोनमध्ये मसुदा म्हणून ठेवा. घाईत माणूस लांबलचक लिहितो.

कॉलची साखळी हा आणखी जुना उपाय. मुख्याध्यापकांनी पाच पालकांना फोन करायचा, त्या पाचांनी ठरलेल्या पाच-पाच जणांना. शेवटच्या माणसानं उलटा फोन करून ‘पोचलं’ सांगायचं, हे विसरू नका, नाहीतर साखळी मधेच तुटली तरी तुम्हाला कळणार नाही. त्यासाठी कागदावर यादी हवी: नाव, नंबर, आणि तो नंबर लागला नाही तर शेजाऱ्याचा किंवा काकाचा. कागदावर म्हणजे कागदावर. गूगल शीटमध्ये नव्हे. फळ्याचं काय सांगू? तुमच्या फाटकाशी सूचनाफलक आहे, काचेच्या दाराचा, कुलपाचा. आत मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं वेळापत्रक, आणि किल्ली कुणाकडे आहे ते शिपायालाही ठाऊक नाही. ग्रामसभेची दवंडी द्यायची रीत आपल्याकडे होती, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते, हे नियम करणाऱ्यांना व्हॉट्सॲप माहीत नव्हतं म्हणून ते अडाणी ठरत नाहीत. सूचना पोचवण्याचा भार देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पोलिसांना बजावलं, की हजर राहण्याची नोटीस कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच द्या, ती व्हॉट्सॲपवर धाडून चालणार नाही. तुमच्या पाणीपट्टीच्या नोटिशीला तो निकाल लागू नाही हे मला कळतं. पण ‘दोन निळ्या खुणा दिसल्या’ हा काही पुरावा नव्हे, एवढं तरी घ्या.

मोठ्या संस्थांनीही व्हॉट्सॲप धरलंय. मुंबई महापालिकेनं जानेवारी 2022 मध्ये चॅटबॉट आणला, मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर मिळतं. चांगलंच आहे, मीही काढतो. पण तिथं ॲप अडलं तर तिकीट खिडकी असते. खिडकी ठेवून दार वाढवलं तर माझी काहीच तक्रार नाही. तुम्ही मात्र खिडकी विटांनी बुजवून टाकलीत: शाळेची डायरी बंद, नोटीस फिरवणारा शिपाई बंद, कार्यालयाचा लँडलाइन तर बिल भरायला नको म्हणून परत केलेला.

आता प्रत्यक्ष बंद पडल्यावर काय, तेही ग्रुपवर आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा सांगता येणार नाही. आधी दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघायची. उघडली तर आपलं नेट ठीक आहे, राउटर आणि केबलवाला दोघांनाही सोडून द्या. एक साधा फोन लावून समोरच्याचं चालू आहे का विचारा. त्याचंही बंद असेल तर हातातला फोन खाली ठेवा. ॲप काढून पुन्हा टाकण्याचा शहाणपणा कृपा करून कुणी करू नये. नव्यानं टाकलेलं ॲप नंबरची खात्री त्याच बंद पडलेल्या सर्व्हरकडून करून मागतं, आणि बॅकअप नसेल तर जुनं बोलणंही जातं. अमेरिकेत लेक असलेल्या घरांत 2021 च्या ऑक्टोबरमधल्या त्या रात्री फारच घालमेल झाली, कारण आपली रात्र ही तिकडची सकाळ, रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ. साधा आयएसडी कॉल लागतो हेच लोक विसरून गेले होते. देशाच्या कोडसकट नंबर फ्रिजवर लिहून लावा, आणि परदेशी कॉल तुमच्या सिमवर चालू आहे का ते एकदा विचारून घ्या.

आणि सेवा परत आली की तासाभरात अफवा येते. ‘व्हॉट्सॲप यापुढे रात्री साडेअकरा ते सकाळी सहा बंद राहणार, केंद्र सरकारचा निर्णय, हा मेसेज दहा जणांना पाठवा नाहीतर खातं बंद’ हा 2019 चा मजकूर. पुढच्या वेळीही तोच नवा होऊन आला. तो बहुतेक ग्रुपांवर आधी ॲडमिनच टाकतो, हे मी आदरपूर्वक नमूद करतो. त्याच्या मागोमाग ‘नवीन व्हॉट्सॲप डाउनलोड करा’ म्हणून एपीकेची, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये चढवणाऱ्या फाइलची, लिंक येते. तेवढी उडवायचा अधिकार तुम्हाला आहे, तो वापरा.

आमच्या एक्स्चेंजचं एक सांगतो, कारण मागणं त्याच्याशी जोडलेलं आहे. बॅटरी रूममध्ये 48 व्होल्टची बॅटऱ्यांची रांग असे. एमएसईबीची लाइट गेली की त्या क्षणी भार तिच्यावर, आणि ती उतरायच्या आत डिझेल इंजिन चालू करायचं. तुमच्या घरच्या जुन्या फोनला वीज त्या तारेतूनच येई. म्हणून भारनियमनात अख्खं गाव काळोखात बसलेलं असताना फोन मात्र खणखणत असे. पण बॅटरी आणि इंजिन नुसतं असून भागत नव्हतं. दर आठवड्याला, लाइट व्यवस्थित असताना, इंजिन खरोखर चालवून बघायचं. हायड्रोमीटर बुडवून सेलचं ॲसिड तपासायचं, आकडे वहीत लिहायचे, सही करायची. नव्यानं लागलेल्या पोरांना ते फुकट डिझेल जाळणं वाटायचं, एखाद्या सकाळी इंजिन हँडल मारूनही धडधडेना तेव्हा वाटायचं बंद व्हायचं. फेसबुकवालेही अशी तालीम घेतात, अख्खं डेटा सेंटर मुद्दाम बंद करून बघतात. 2021 ला सगळं टप्प्याटप्प्यानं परत उभं करता आलं ते त्या सवयीमुळे, असं त्यांनी लिहिलंय. मुख्य जाळंच पूर्ण गेलंय अशी तालीम मात्र त्यांनी कधी घेतलेली नव्हती, हेही त्यांनीच लिहिलंय.

तर माझं मागणं एवढंच, की पुढच्या महिन्यात एक शनिवार धरा आणि त्या दिवशीची एक खरी सूचना ग्रुपवर न टाकता पोचवा. आधी जाहीर करू नका. शाळांना शनिवार बरा, सकाळची शाळा असते, गोंधळ झालाच तर निस्तरायला अख्खी दुपार आहे. सोसायट्यांनी पाणी उशिरा येण्याची सूचना घ्यावी, तिच्यावर लोक लगेच बोलतात. यादीतले नंबर लावा, एसएमएस धाडा, फळ्याची किल्ली शोधा. ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही त्यांच्या नावापुढे लाल पेनानं खूण करा, आणि सोमवारी त्यांना बोलावून नवा नंबर लिहून घ्या. बंद पडलेले नंबर बरेच निघतील, विशेषतः जे ग्रुपवर रोज सुप्रभात घालतात त्यांचेच. त्यांचं व्हॉट्सॲप जुन्या नंबरावर चालू असतं आणि सिम कधीच बदललेलं असतं.

आपला,
टेलिफोन खात्यातून निवृत्त, सध्या बऱ्याच ग्रुपांचा मूक सभासद